शुभेच्छुक : कोणी नाही

सरांचा आवाज काढायचा असंल तर सोपं हाय. जीभ डाव्या गालाकडं सारायची, आत सुपारी ठेवल्यागत. मंग स्वतःच्या नाकाच्या शेंड्याकडं बघायचं. बोलायच्या आधी एक लांब श्वास घ्यायचा, म्हंजी समोरचा आता रडणार हाय आन आपल्याला त्याची काय घाई न्हाई, असा. एवढं जमलं की म्हणायचं, "कोणी दिली?"

झालं. फाट्यावरचा निम्मा माणूस वळून बघतो. सर आता पोराकडं नगरला ऱ्हातात, तरीबी बघतो.

मी ही नक्कल शाळेपासून करतोय. सर आमाला इंग्रजी शिकवायचे. तवा त्यांचं वाक्य येगळं व्हतं. तवा बोट वर करून म्हणायचे, "यू! कल्प्रिट!" 'कोणी दिली' हे रिटायर झाल्यावरचं. या दोन वाक्यांच्या मधी काय झालं ते आमाला लई उशिरा कळलं. सरांनाबी.

शाळेत सर आरोप करायला लई फास्ट. बाकावर नाव कोरलेलं दिसलं, फळ्याकडं पाठ असताना बारीक शिट्टी वाजली, की बोट वर. ते बोट शोधत फिरायचं न्हाई. सरळ एकावर जाऊन थांबायचं. बहुतेक वेळा पप्यावर. पप्याचा दोष एवढाच की त्याचं तोंडच तसं व्हतं. काय न करता सापडल्यागत दिसायचा.

एकदा सहल कपिलधारला गेलती. पोरं धबधब्याखाली भिजून वर आली तर सरांची टोपी गायब. अंपायर घालतात तसली पांढरी टोपी, ती सर लग्नातबी घालायचे. बोट वर गेलं आन पप्यावर थांबलं. "यू! कल्प्रिट!" पप्यानं ओल्या चड्डीत कान धरले. आमचे डबे खाऊन झाले, ताटल्या धुऊन झाल्या, पप्या आपला कान धरूनच. मंग एका पोरीनं वर बघितलं. झाडावर माकड, माकडाच्या हातात टोपी. आन माकड टोपीच्या आतला वास घेऊन तोंड वाकडं करत व्हतं.

सरांनी माकडाकडं बघितलं. पप्याकडं बघितलं. आन म्हणले, "यू मे सिट."

बास. पप्या बसला. पुढं दहावी होईस्तोवर आमी ते वाक्य वापरलं. घरी कुणाला उगंच शिव्या पडल्या की दुसऱ्या दिवशी वर्गात त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणायचं, "यू मे सिट."

रिटायर झाल्यावर मास्तर माणूस काय करतो? देवळात बसतो, न्हाईतर प्लॉटिंगवाल्याच्या ऑफिसात बसतो. सरांनी फ्लेक्सचं मशीन घेतलं. म्हणले, "मी आयुष्यभर वह्या तपासल्या आणि गावाच्या भिंती चुकीच्याच राहिल्या. आता उगमावर बसतो." फाट्यावर हायवेच्या कडंला गाळा घेतला, आन डिझाईनला मला बोलावलं. मी बीडला एका दुकानात कॉम्प्युटरवर कोरल, म्हंजी डिझाईनचं सॉफ्टवेअर, शिकून आलतो. पहिल्याच दिवशी मला म्हणले, "तू वर्गात मागच्या बाकावर होतास. इथे मागचा बाक नाही."

आमच्याकडं फ्लेक्सशिवाय माणूस जन्मत न्हाई आन मरतबी न्हाई. बारसं, वाढदिवस, नवा ट्रॅक्टर, पोरगं पोलीस भरतीत धावलं, सगळ्याचा फ्लेक्स. सरांचे नियम म्हणजे गिऱ्हाईक पळवायची फॅक्टरीच. 'भावी आमदार' छापणार न्हाईत. "भावी हे ज्योतिषाचं काम आहे, त्याला आणा." पण 'ढाण्या वाघ', 'किंगमेकर', 'गरिबांचा कैवारी' हे काय पायजे तेवढं छापायचे. मी इचारलं, सर, हे कसं काय चालतं? तर म्हणले, "ते मत आहे. माणूस वाघ आहे की नाही हे बघणाऱ्याला दिसतंच. मत फुकट असतं. घटना मात्र घडावी लागते."

आन घटनेचा विषय निघाला की एका शब्दावर सर अडून बसायचे. क्लीन चिट.

आमचे अण्णा म्हणजे शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष, आन गावचे पुढारीबी तेच. एका उन्हाळ्यात गावातल्या बायांनी तक्रार केली की टँकर येतो कागदावर आन आमी घागरी घेऊन बसतो उन्हात. चौकशी लागली. साहेब आले, अण्णांच्या मळ्यात मटन खाल्लं, गेले. आठवड्याभरात अण्णांची पोरं गॉगल लावून दुकानात.

"सर, अण्णाला क्लीन चिट मिळाली. दहा बाय वीसचा मारा. वर लिव्हा, 'क्लीन चिट मिळाल्याबद्दल हार्दिक हार्दिक अभिनंदन'."

सरांनी श्वास घेतला. "कोणी दिली?"

"म्हंजी?"

"मिळाली म्हणजे कोणीतरी दिली असेल. कोणी दिली?"

"वरून आली की."

"वरून पाऊस येतो."

"ओ सर, साहेबांनी दिली."

"साहेब काय म्हणाले? अण्णांनी असं केलेलं नाही, असं म्हणाले?"

पोरांनी एकमेकांकडं बघितलं. "ते म्हणले पुरावा सापडला न्हाई."

"मला सकाळपासून चष्मा सापडत नाही. म्हणजे मला चष्मा नाहीच का?"

चष्मा सरांच्या टोपीवरच व्हता. पण पोरांची सांगायची हिंमत झाली न्हाई.

"बरं, राहू द्या," सर म्हणले. "छापतो. पण कशातून क्लीन ते लिहावं लागेल. 'टँकरच्या खोट्या फेऱ्या दाखवल्याच्या आरोपातून', असं."

"ते कावून लिव्हायचं?"

"मग लोकांनी आनंद कशाचा मानायचा? आणि शेवटचं. आरोप कोणी केला होता?"

"बायांनी."

"मग त्या बायांना आणा. ज्यानं आरोप केला त्यानंच चिट द्यायची. त्या इथे येऊन म्हणाल्या की अण्णा तसे नाहीत, की तुमच्या देखत मशीन सुरू करतो. फ्लेक्स बांधायच्या रिंगा फुकट ठोकून देतो."

पोरं चिडून बीडला गेली आन तिकडून छापून आणलं. फाट्यावर लावलं, फटाके वाजवले. झालं काय, की आमच्या फाट्यावर चार गावची माणसं एस.टी.ला थांबतात. त्यांना टँकरचं काय म्हाईतच नव्हतं. आता ती फ्लेक्स वाचायची आन शेजारच्याला इचारायची, "काय केलतं ओ यांनी?" लिंबागणेशहून दर्शन घेऊन येणाऱ्या बायकासुद्धा जीपमधून मान बाहेर काढून इचारायच्या. शेवटी अण्णांच्या आईनं जेवता जेवता इचारलं, "का रं, तू काय केलतंस?" त्या दुपारी फ्लेक्स उतरला.

सर मला म्हणले, "बघ. ज्यांना माहीत नव्हतं त्यांनाही कळलं. चुकीच्या माणसाकडून घेतली की असं होतं."

मी त्या संध्याकाळी चहाच्या टपरीवर अख्खा प्रसंग दोन्ही आवाजांत करून दाखवला. चहा फुकट मिळाला.

आता मामूचं सांगतो.

आमच्या दुकानासमोर, रस्त्याच्या पलीकडं, मामूचा फळाचा गाडा. मामू पयले आमच्याच शाळेत शिपाई व्हते. रुळाच्या तुकड्याची घंटा, आन ती वाजवायची मामूची एक पद्धत व्हती. शाळा भरायची घंटा कडक, सुट्टीची घंटा नाचत नाचत. कुठल्या तासाला पोरं कंटाळल्यात ते मामूला घंटेवरून म्हाईत, का पोरांवरून घंटा, ते काय कळायचं न्हाई. कुणाच्या डब्यात काय हाय, कुणाचा बाप मारतो, कुणाला ताप हाय, सगळं मामूला ठावं.

आमची दहावीची पूर्वपरीक्षा चाललेली. इंग्रजीचा पेपर सरांनी काढलता. पेपराच्या आदल्या दिवशी पोरांच्या तोंडी प्रश्न फिरायला लागले. पेपर फुटला! ऑफिसात सगळे जमले. आमी खिडकीला लटकलेलो. पेपर कपाटात व्हते, कपाटाची चावी मामूकडं असायची. सरांचं बोट वर गेलं आन मामूवर थांबलं. मामू एवढंच म्हणले, "सर, मैंने कपाट खोला नै." सरांचं बोट खाली आलं न्हाई. मामू रोजंदारीवर. अण्णांनी सांगितलं, उद्यापासून येऊ नका.

दुसऱ्या दिवशी घंटा मॉनिटरनं वाजवली. बदडल्यागत.

मंग मामूनं गाडा लावला. पुढं काही वर्षांनी सरांचा गाळा बरोबर त्याच्या समोर आला. मोकळा गाळा तेवढाच व्हता म्हणायचे सर. मी त्यांची नक्कल करणारा माणूस हाय, खोटं बोलताना त्यांचा आवाज कसा हलतो मला म्हाईत हाय. पण तवा मी काय लक्ष दिलं न्हाई.

रोज दुपारी सर टोपी घालून रस्ता ओलांडायचे. दोन केळी घ्यायचे. तोंडानं मागायचे न्हाईत, बोटानं दाखवायचे. मामू मोडून द्यायचे. दोघंबी केळ्यांकडं बघायचे. सर परत यायचे, एक केळ खायचे, एक मला द्यायचे. मला वाटायचं, म्हातारी माणसं, बोलायला काय उरलं नसंल.

आमच्या दहावीला दहा वर्षं झाली आन पोरांना स्नेहमेळाव्याचं वारं लागलं. ग्रुप निघाला. सकाळी शुभ सकाळ, दुपारी कुणाच्या तरी टकलाचा फोटो, आन रात्री भांडणं. ठरलं असं की शाळेतच करायचा. पयल्यासारखा परिपाठ, पयल्यासारखा तास, पोहे, सत्कार. आन सगळ्यात आधी एक गोष्ट एकमतानं ठरली. घंटा मामूच वाजवणार.

मी आन पप्या सांगायला गेलो. मामू डाळिंबं पुसत व्हते. पुसता पुसता थांबले. "मेरेकु?" म्हणले. "अंदर बुलाए?"

"तुमच्याबिगर शाळा भरतीय का मामू?"

चार दिवसांत अख्ख्या फाट्याला कळलं. मामू गिऱ्हाइकाला संत्री देता देता सांगायचे, "इतवार कू गाडा बंद. स्कूल में घंटा बजानेकू बुलाए." पांढरा कुर्ता शिवायला टाकला. एस.टी.च्या कंडक्टरलाबी सांगितलं.

आन मंग अण्णांचा निरोप आला. शाळा द्यायला हरकत न्हाई, मंडप माझ्याकडून, सरांचा सत्कार माझ्या हस्ते. पण पेपरफुटीतला माणूस फाटकाच्या आत येणार न्हाई. शाळेची बदनामी होती.

आता हे मामूला कोण सांगणार? ग्रुपवर शुभ सकाळबी बंद.

पप्या दुकानात प्रूफ बघायला आला. पप्या आता चौसाळ्यात खताच्या दुकानात बसतो, पोट सुटलंय, पण तोंड तेच, सापडल्यागत. मेळाव्याचा फ्लेक्स स्क्रीनवर व्हता. मधी सरांचा मोठा फोटो, बाजूनं बाकीचे मास्तर. सर आतल्या बाजूला पेपर वाचत बसलेले.

"मामूचा फोटो कुठंय बे?"

"अण्णा न्हाई म्हणतोय. पेपर फोडला म्हणून."

पप्या हसायला लागला. "पेपर फोडला कुणी? पेपर भज्यात आलता."

"कशात?"

"भज्यात बे! शाळेचं मशीन बिघडलतं ना तवा, म्हणून पेपराच्या झेरॉक्स इथंच फाट्यावर काढल्या. एक कॉपी काळी निघाली. झेरॉक्सवाल्यानं टाकली रद्दीत, रद्दी गेली शेजारच्या भजीवाल्याकडं. मी भजी घेतली, खाऊन खाली बघतो तर, राईट अ लेटर टू युवर फ्रेंड! तेलानं अक्षर असलं ठळक दिसत व्हतं! मी आपलं पाच-सहा पोरांना सांगितलं, झालं."

"आन मामूला काढलं तवा तोंडात काय व्हतं तुझ्या? भजी?"

पप्याचं हसू गेलं. "गेलतो की सांगायला. स्टाफरूमच्या दारापोतर गेलतो. सरांनी बघितलं आन बोट वर केलं. मी अजून एक शब्द बोललो नव्हतो. म्हणलं आता परत कान. पळालो."

आत सरांच्या हातातला पेपर हलला न्हाई. मंग सरांनी तो नीट घडी करून मांडीवर ठेवला.

"कोणत्या बाजूने काळी होती?"

पप्या उभाच ऱ्हायला. "डाव्या, सर."

"हो," सर म्हणले. "मीच म्हणालो होतो झेरॉक्सवाल्याला, ही बाजूला काढ."

त्या दुपारी सर केळी आणायला गेले न्हाईत. दुसऱ्या दिवशीबी न्हाई. टोपी घालायचे, उंबऱ्यापोतर जायचे, ट्रक जाऊ द्यायचे, अजून एक ट्रक जाऊ द्यायचे, आन परत येऊन खुर्चीत बसायचे. समोर मामू एकेका गिऱ्हाइकाला इतवारचं सांगत व्हते. इकडं ऐकू यायचं.

तिसऱ्या दिवशी मला म्हणले, "तू माझी नक्कल करतोस."

मी माऊस सोडला. "न्हाई सर, म्हंजी—"

"शाळेपासून करतोस. मला माहीत आहे. चांगली करतोस असं म्हणतात. आज एकदा उपयोगाची कर. जाऊन मामूला सांग. माझ्या आवाजात. भज्यांचं सगळं सांग आणि शेवटी म्हण, आय वॉज राँग."

"सर, तुमीच—"

"मला जमत नाही. मी करून पाहिलं."

कुठं करून बघितलं ते मी इचारलं न्हाई. रस्ता ओलांडला. मामूपुढं उभा ऱ्हायलो, जीभ डाव्या गालात घातली, नाकाच्या शेंड्याकडं बघितलं, श्वास घेतला आन सगळं सांगितलं. झेरॉक्स, काळी बाजू, भजी. "आय वॉज राँग." माझ्या आयुष्यातली सगळ्यात भारी नक्कल व्हती ती, आन एकबी माणूस हसला न्हाई. एक बाई अर्धा डझन केळी घेऊन उभी व्हती, ती सुट्टे घ्यायचं इसरली.

मामूनं सगळं ऐकून घेतलं. केळीच्या घडावरची माशी हाकलली.

"आवाज एकदम बराबर है," म्हणले. "पर आवाज भेजे, आदमी नै भेजे?"

मी येऊन सांगितलं. सर म्हणले, "बरोबर आहे त्याचं." आन माझ्या शेजारी स्टूल ओढून बसले. "फ्लेक्स करू. दहा बाय वीस. लिही, 'मामूंना क्लीन चिट.' खाली, 'देणार', माझं नाव. मी आरोप केला, मीच देतो. नियमात बसतं."

मी टाईप केलं. स्क्रीनवर ते दिसलं आन मला अण्णांची आई आठवली.

"सर, फाट्यावर चार गावची माणसं थांबतात. त्यातल्या निम्म्यांना मामू म्हणजे केळीवाला, एवढंच म्हाईत हाय. ती इचारणार, मामूनं काय केलतं?"

सरांनी टोपी काढली, परत घातली.

"म्हणजे त्याच्यावरचा आरोप लिहायचा नाही. खोटाच होता तो. मग खरा आरोप कोणावर आहे?"

मी दाराकडं बघून घेतलं, पळायला किती जागा हाय ते. "तुमच्यावर, सर."

"करेक्ट," सर म्हणले. उत्तर बरोबर आलं की वर्गात म्हणायचे तसं. अख्ख्या शाळेत मला ते एकदाबी मिळालं नव्हतं.

मंग त्यांनी सांगितलं आन मी लिव्हलं. फोटो त्यांचा निरोपसमारंभातला व्हता, गळ्यात हार. म्हणले, "हार काढ." हार काढला तर हाराखाली शर्टच नव्हता, फोटोत तो आलाच नव्हता. मंग अण्णांच्या एका वाढदिवसाच्या फ्लेक्समधला शर्ट कापून सरांना घातला. कडक इस्त्रीचा.

रविवारच्या आधी दोन दिवस तो फ्लेक्स फाट्यावर लागला, मेळाव्याच्या फ्लेक्सला खेटून. सर स्वतः शिडी धरून उभे. त्यावर असं व्हतं:

'शाळेचा इंग्रजीचा पेपर फोडल्याचा खोटा आरोप यांनी एका निर्दोष माणसावर केला. त्या माणसाची भाकरी गेली. पेपर यांच्याच निष्काळजीपणाने फुटला होता. यांना अद्याप क्लीन चिट मिळालेली नाही.'

खाली सरांचं पूर्ण नाव, निवृत्त शिक्षक. आन एकदम खाली, जिथं पोरासोरांच्या फोटोंची रांग असती तिथं:

'शुभेच्छुक : कोणी नाही.'

सरांच्या दुकानातून क्लीन चिट हा शब्द तेवढा एकदाच छापून बाहेर पडला.

लोकांनी वाचला. परत वाचला. एस.टी. सुटली तरी वाचत ऱ्हायले. एकानं सरांना इचारलं, "सर, कुणी मुद्दाम लावलाय का तुमच्यावर?" सर म्हणले, "हो, मी." लिंबागणेशची जीप आली, बायका मान बाहेर काढून इचारायला लागल्या, काय केलतं ओ यांनी? तर टपरीवाला म्हणला, "लिव्हलंय की सगळं." मामूचं नाव कुठंच नव्हतं. ज्याला म्हाईत व्हतं त्याला कळलं. ज्याला म्हाईत नव्हतं त्यानं फक्त टोपीवाला मास्तर बघितला.

अण्णांचा फोन आला. सरांनी स्पीकरवर ठेवला, त्यांना दुसरं बटनच सापडायचं न्हाई.

"सर, काय हे? शाळेची बदनामी!"

"शाळेचं नाव नाही त्यात. माझं आहे."

"आन तो शर्ट माझा हाय काय?"

"असेल. तुम्हाला परत हवा असेल तर दुकानातला मुलगा कापून देईल. अण्णा, तुमचा नियम मला मान्य आहे. पेपर ज्याच्यामुळे फुटला त्यानं फाटकाच्या आत यायचं नाही. मी रविवारी येत नाही."

मुख्य सत्कारच सरांचा. पत्रिका वाटून झालेल्या, मंडपाच्या कमानीवर अण्णांचा फोटो चढलेला.

"या," अण्णा म्हणले. "दोघंबी या."

रविवारी मामू आले. पांढरा कुर्ता, इस्त्रीची घडी अजून मोडली नव्हती. फाटकात थांबले, चपला कुठं काढायच्या ते इसरल्यागत इकडंतिकडं बघितलं, मंग चपला घालूनच आत आले. रुळाचा तुकडा त्याच झाडाला व्हता. मामूनं हातोडी घेतली आन वाजवली. शाळा भरायची, कडक. बायका झालेल्या आमच्या वर्गातल्या पोरी पळत येऊन लाईनीत उभ्या ऱ्हायल्या. पप्यानं पोट आत घेतलं. सर स्टेजवर न जाता पोरांच्या लाईनीत सगळ्यात मागं उभे.

मला वाटलं आता कायतरी होणार. गळाभेट, रडारड. मी मोबाईल काढून तयार व्हतो. काय झालं न्हाई. मामूनं हातोडी जागेवर टांगली आन पोह्यांच्या लाईनीत जाऊन थांबले. सत्काराला सरांनी नारळ घेतला, शाल घेतली न्हाई.

कार्यक्रम संपला की फ्लेक्स आमच्याकडं सगळ्यांचा असतो. कुणी कडब्यावर टाकतं, कुणी गोठ्याला बांधतं. मेळाव्याचा फ्लेक्स पप्यानं नेला, खताच्या पोत्यांवर टाकायला. सरांच्या फ्लेक्सला मात्र कुणी हात लावायचं न्हाई. ऊन खात, वारं खात तसाच. सर रोज दुपारी त्याच्या खालून जाऊन केळी आणायचे. पयल्यासारखीच, बोटानं दाखवून. आता फक्त बोट एवढं वर जायचं न्हाई.

एक दिवस बघतो तर फ्लेक्स गायब. आन समोर मामूच्या गाड्यावर नवं छप्पर. बांबू रोवून, चारी बाजूंनी सुतळीनं बांधलेलं. छापलेली बाजू आत, पांढरी बाजू आभाळाकडं. रस्त्यावरून जाणाऱ्याला नुस्तं पांढरं दिसायचं.

मी केळी घ्यायच्या निमित्तानं जाऊन वर बघितलं. सरांचं तोंड, अण्णांचा शर्ट, सगळी अक्षरं. फ्लेक्स गाड्यापेक्षा मोठा, म्हणून खालची कड आत दुमडून शिवली व्हती. दुमडलेल्या कडेत शेवटची ओळ गेलती, शुभेच्छुकवाली.

"मामू, ती ओळ मुद्दाम झाकली का?"

"गाडा छोटा है, फ्लेक्स बडा है," मामू म्हणले. "और कितना लेगा, एक डझन?"

मी परत आलो तोवर सर टोपी घालून निघालते. पप्या आलता, आमी दोघं गाळ्याच्या दारात चहा पीत उभे. सरांनी रस्ता ओलांडला. छपराखाली गेले, बोटानं दोन केळी दाखवली, आन मंग वर बघितलं. बघतच ऱ्हायले. स्वतःचं प्रूफ तपासल्यागत, पयल्या ओळीपासून.

मामूनं केळी मोडून दिली न्हाईत. गाड्याखालून फळाचं रिकामं खोकं ओढलं, उलटं केलं, हातानं झटकलं.

"बैठो सर. धूप है."

सर उभेच. एक ट्रक गेला आन मधी काय दिसंना. ट्रक सरला तवा सर खोक्यावर बसलेले व्हते, टोपी गुडघ्यावर.

पप्यानं कप खाली ठेवला. जीभ गालात सारली, नाकाच्या शेंड्याकडं बघितलं आन हळूच म्हणला, "यू मे सिट."

नक्कल लई वाईट व्हती. मी दुरुस्त केली न्हाई.